वायूची वीज : घाईच्या वेळचा गडी, सालगडी नव्हे



ऊस विकास विभागाच्या माणसाने बेणे, खत, पाणी आणि कीड यांवर लिहावे, विजेच्या कारखान्यांवर लिहू नये, असे कोणी म्हणेल. परंतु विहिरीत पाणी असून मोटार चालली नाही, तर ते पाणी उसाच्या मुळाशी जात नाही. आणि नैसर्गिक वायू मिळाला नाही, तर युरियाचे पोतेही तयार होत नाही. मोटार आणि युरिया या दोन्ही गोष्टी वायूपाशी येऊन मिळतात. म्हणून हा विषय आपल्या बांधावरचाच आहे, असे आम्ही मानतो.

गावोगावच्या बैठकांत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब, लाईट कोळशाची हाय का गॅसची, आपल्याला काय करायचंय? टायमाला आली म्हंजे झालं." रात्री-अपरात्री दारे धरायला जाणाऱ्या माणसाने असे म्हणणे अगदी साहजिक आहे. पण वीज टायमाला येते की नाही आणि तिचा भाव काय पडतो, हे ती कशापासून तयार होते यावरच ठरते. नैसर्गिक वायूवर चालणारी वीज केंद्रे चांगली की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले जाते. आमचे मत आम्ही सुरुवातीलाच मांडतो. ही केंद्रे उपयोगाची आहेत, पण मोजक्या तासांसाठी आणि मोजक्या महिन्यांसाठी. त्यांना सालगडी म्हणून ठेवू नये. घाईच्या वेळचा गडी म्हणून ठेवावे.

वायूवर वीज कशी होते

कोळशाच्या केंद्रात आधी पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर चक्र फिरवतात. वायूच्या केंद्रात वायू जाळून निघालेला तप्त झोतच थेट चक्र फिरवतो. विमानाचे इंजिन चालते त्याच जातीचे हे यंत्र. बॉयलर तापण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून साधा वायू-संच दहा ते तीस मिनिटांत विजेला लागतो. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा चालू करायला मात्र कित्येक तास जातात.

या झोतात चक्र फिरवल्यानंतरही पुष्कळ उष्णता शिल्लक राहते. ती धुराड्यातून सोडून दिली तर वायूतील साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. त्या उष्णतेवर वाफ करून दुसरे चक्र फिरवले, तर निम्म्याहून अधिक हिस्सा विजेत उतरतो. आपल्या कारखान्यात रस आटवताना पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला आणि दुसऱ्यातली तिसऱ्याला देतात, तीच ही युक्ती. एकदा जाळलेल्या इंधनाचे काम दोनदा करून घ्यायचे.

हे आपल्या राज्यात घडलेलेही आहे. १९७४ साली मुंबई हायच्या समुद्रात तेल सापडले आणि तेलाबरोबर वायूही निघाला. त्या वायूवर तेव्हाच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९८२ साली उरण येथे केंद्र सुरू केले. पुढे तेथे १०८ मेगावॉटचे चार संच बसले, आणि १९९४ साली त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर २४० मेगावॉटची भर पडली. या भरीसाठी जादा वायू जाळावा लागला नाही. उरणने राज्याची चांगली सेवा केली आहे. मात्र वायू अपुरा मिळत असल्याने हे केंद्र अनेक वर्षे पूर्ण क्षमतेने चालू शकलेले नाही. यंत्र उत्तम, पण वैरण नाही, अशी ही गत आहे.

दाभोळचा धडा

उरणचे केंद्र घरच्या वायूवर उभे होते. दाभोळचे गणित परदेशी वायूवर मांडलेले होते. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी प्राथमिक करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. १९९५ साली राज्यात सत्ताबदल झाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री गोपीनाथराव मुंडे, म्हणजे आपल्याच परळी तालुक्यातील नाथ्र्याचे, यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने कराराची तपासणी केली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पुढे फेरवाटाघाटी होऊन तो आणखी मोठ्या आकारात परत आला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही वायूवर नव्हे तर नाफ्त्यावर. २००० साली काही महिन्यांत त्या विजेचा भाव युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनीही दिवाळखोरीत गेली.

भाव एवढा का चढला? आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. तोडणीची टोळी ठरवताना आधी उचल द्यावी लागते, आणि मग कोयता चालेल तशी टनामागे मजुरी. वीज केंद्राचेही तसेच असते. केंद्र उभे करून तयार ठेवल्याबद्दल स्थिर आकार, ही उचल. प्रत्यक्ष वीज घेतली तर इंधनाचा खर्च, ही मजुरी. फरक एवढाच, की टोळीची उचल मजुरीतून फिटते. केंद्राची उचल फिटत नाही, ती दरवर्षी नव्याने द्यावी लागते, वीज घ्या अगर न घ्या. दाभोळच्या करारात ही उचल अवाढव्य होती, बऱ्याच अंशी डॉलरशी बांधलेली होती आणि वीस वर्षांसाठी होती. मजुरीही बाहेरच्या इंधनाच्या भावावर आणि डॉलरच्या भावावर चढणारी होती. वीज महाग म्हणून मंडळाने कमी उचलली, की तीच स्थिर रक्कम कमी युनिटांवर बसायची आणि युनिट आणखी महाग व्हायचे. टोळीला शंभर एकरांची उचल द्यायची आणि ऊस वीसच एकर असायचा, असा तो व्यवहार होता.

या कराराची २००१ साली माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कसून छाननी केली. २००५ साली हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला, त्यात एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या होत्या. २००९ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातला वायू येऊ लागला, आणि आपल्याच गोदामाईच्या मुखाशी देशाचा वायूचा प्रश्न सुटणार असे वाटले. पण ते उत्पादन झपाट्याने घटले. २०१३ पर्यंत वीज केंद्रांच्या वाट्याला त्यातले काही उरले नाही आणि दाभोळ पुन्हा थंडावले. पुढे रेल्वेला वीज देण्यासाठी ते अंशतः चालले. मधल्या काळात पुरेशी नवी वीज उभी राहिली नव्हती. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाठीवर उमटलेले आहे. स्टार्टरपाशी बसून रात्र काढणाऱ्याला या कराराची कलमे माहीत नव्हती, पण त्याची झळ त्याच्या उसाला लागली.

आमच्या मते यात दोष वायूचा नव्हे आणि यंत्राचाही नव्हे. बारमाही कामाला बाहेरच्या इंधनाचा गडी वीस वर्षांच्या बोलीने ठेवला, हा दोष होता.

परळीचे पाणी आणि राख

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. जुने संच बंद झाले असून आता २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा लांबच्या खाणींतून रेल्वेने येतो आणि पाणी आपल्याच खोऱ्यातून जाते. २०१३ साली खडका बंधारा आटला आणि केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली.

पाण्याचा हिशेब करून पाहू. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. ७५० मेगावॉटचे केंद्र दिवसभर पूर्ण ताकदीने चालले तर एक कोटी ऐंशी लाख युनिट होतात. साडेतीन लिटरने हे पाणी झाले सुमारे सहा कोटी तीस लाख लिटर. तीन इंचांची एक पाळी धरली, तर एका दिवसाच्या पाण्यात सुमारे दोनशे एकर ऊस भिजतो. वायूच्या दुहेरी चक्राच्या केंद्राला युनिटमागे साधारण एक लिटर पाणी पुरते, आणि नुसत्या झोतावर चालणाऱ्या संचाला तर जवळपास लागतच नाही. राख नाही, राखेचे तळे नाही, आणि हवेत जाणारा कर्बवायू कोळशाच्या मानाने निम्मा. ज्यांच्या उसाच्या पाण्यावर सगळ्यांचे बोट असते, त्या आपण हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. वायूच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उगाच नाही.

"मग कोळसा सोडून सगळी वीज वायूवरच करा ना!" असे लगेच वाटेल. इथेच युरियाचे पोते आडवे येते.

युरिया की वीज?

आपण जो युरिया टाकतो तो नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळ थळ येथे आणि मुंबईत ट्रॉम्बे येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने आहेत. आपल्या ओळखीचा 'सुफला' त्यांचाच. एक टन युरियाला अंदाजे सहाशे घनमीटर वायू लागतो, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याला सुमारे सत्तावीस. एवढ्याच वायूवर चांगल्या केंद्रात सव्वाशे युनिटच्या आसपास वीज होते. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ते १०० किलो होते आणि निव्वळ युरियातून द्यायचे तर जवळजवळ पाच पोती लागतात. या पाच पोत्यांतला वायू विजेला वापरला तर सहाशेच्या वर युनिट होतील. पाच अश्वशक्तीची मोटार त्यावर रोज आठ तासांप्रमाणे सुमारे सतरा दिवस चालेल.

म्हणजे एक एकर उसाचा युरिया की सतरा दिवसांची मोटार, असा हा प्रश्न आहे. मोटार कोळशावर चालेल, कोयनेच्या पाण्यावर चालेल, सूर्यावर चालेल, आपल्याच बगॅसवर चालेल. युरियाला मात्र आजच्या घडीला आपल्या देशात वायूशिवाय दुसरा सोयीचा मार्ग नाही. कृष्णा-गोदावरीच्या वायूचे वाटप ठरवताना सरकारने खत कारखान्यांचा क्रम वीज केंद्रांच्या वर ठेवला होता, तो आम्हाला योग्य वाटतो.

शिवाय देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा वायू बाहेरून द्रवरूपात, जहाजाने येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जगाच्या बाजारात या वायूचा भाव अनेक पटींनी चढला. लढाई तिकडची, पण खताच्या अनुदानाचा बोजा इकडे फुगला आणि वायूवरची वीज केंद्रे परवडेनाशी झाली. २०२४ साली देशात वायूवर चालणारी सुमारे २५ हजार मेगावॉटची केंद्रे उभी होती, पण एकूण विजेत त्यांचा वाटा शंभरात दोन-तीन युनिटांच्या घरात राहिला आहे. इंधनाविना उभ्या यंत्रांचा एवढा मोठा ढीग समोर असताना नवी केंद्रे बांधण्याच्या बाजूने आम्ही नाही.

मग या केंद्रांचे काम कोणते?

वीज कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते, नाहीतर मोटारी जळतात, डीपी उडतात आणि शेवटी सगळीच यंत्रणा बसते. दिवसा आता सूर्याची वीज वाढत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, त्याचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो, कारण रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या भीतीने दारे धरणे हे कोणाच्या नशिबी येऊ नये. पण दिवस मावळतो त्याच सुमारास घरोघरी दिवे, पंखे, दूरदर्शन संच सुरू होतात. सूर्य जातो आणि मागणी चढते. ही तीन-चार तासांची खिंड सावरायला झटकन चालू होणारा गडी लागतो.

आता वर्षाचे वेळापत्रक मांडू. पावसाळ्यात आणि त्यानंतर धरणे भरलेली असतात. कोयना संध्याकाळी चटकन चालू होते, पण पश्चिमेला सोडायच्या पाण्यावर लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी जपून वापरावे लागते. गाळप हंगामात आपल्यासारख्या कारखान्यांची सहवीज असते. टनभर ऊस गाळला की सुमारे २८० किलो बगॅस निघते. ही वीज आपल्याच रानातली आहे आणि तिला डॉलर लागत नाही. मार्चअखेर बॉयलर थंड होतात आणि नेमका त्याच वेळी उन्हाळा चढतो. एप्रिल, मे, जूनच्या संध्याकाळी धरणे तळाला, बगॅस संपलेली, सूर्य मावळलेला. वायूच्या केंद्रांचे खरे काम एवढेच आहे, आणि ते लहान नाही. २०२४ साली केंद्र सरकारने वीज कायद्यातील अधिकार वापरून वायूवरच्या केंद्रांना मे आणि जून महिन्यांसाठी तयार राहण्याचा आदेश दिला होता. त्याच मेच्या ३० तारखेला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटला टेकली.

म्हणून आमचे म्हणणे असे :

आहेत ती केंद्रे मोडू नयेत, नवी बांधू नयेत. त्यांना तयार राहण्यापुरती माफक उचल द्यावी. ती रुपयांत असावी, थोड्या वर्षांची असावी आणि तिचा आकडा चार लोकांना कळेल असा जाहीर असावा. कोयता चालला तेवढीच मजुरी. उन्हाळ्याच्या संध्याकाळसाठी वायूचा साठा आधीच ठरवून ठेवावा, तो खताच्या वाट्यातून ओढू नये. आणि उद्योगांना जसे दिवसाच्या वेळेप्रमाणे विजेचे वेगवेगळे दर लावतात, तसाच संध्याकाळच्या बगॅसच्या विजेलाही वेगळा, वाढीव दर मिळावा. बगॅसची रास करून ठेवता येते. संध्याकाळी बाहेरून आणलेला वायू जाळायला पैसे असतात, तर हंगामात सभासदाच्या बगॅसला भाव द्यायला हात आखडता घेऊ नये. पूर्वीच्या करारांपेक्षा नंतरच्या निविदांत सहविजेचे दर खाली आले, याचा परिणाम शेवटी आपल्या उसाच्या दरावर होतो.

कोणी म्हणेल, आता मोठमोठ्या बॅटऱ्या येत आहेत, वायूची गरजच काय? बॅटऱ्या स्वस्त होत आहेत आणि संध्याकाळचे काही तास त्या सांभाळतील, हे खरे आहे. तसे झाले तर वायूचे काम आणखी कमी होईल, आणि नवी केंद्रे नकोत या आमच्या म्हणण्याला बळच मिळेल. दुसरे कोणी म्हणेल, वायू स्वच्छ आहे, तो जास्त वापरला तर बिघडले काय? स्वच्छ तो जळल्यावर. न जळता विहिरीतून वा नळातून गळलेला वायू कर्बवायूपेक्षा कित्येक पटींनी हवा तापवतो. आणि हवा तापली, पाऊस लहरी झाला, तर पहिला फटका आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला बसतो.

आपण काय करावे

हे सारे मुंबई-दिल्लीचे काम, आपण काय करणार, असे म्हणून बसू नये. १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे. दर ठरवण्याआधी तो जनतेच्या सूचना-हरकती मागवतो आणि विभागवार सुनावण्या घेतो. तेथे शहरी ग्राहक आणि कारखानदार तयारीने जातात, शेतकरी क्वचित दिसतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज मिळत असल्याने आता दराशी आपला संबंध काय, असे काहींना वाटते. पण बिल आपण भरले नाही तरी सरकारी तिजोरी भरते, आणि तिजोरीला न परवडणारी वीज फार दिवस टायमाला येत नाही. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत या विषयावर ठराव मांडावा, तो कारखान्यामार्फत आयोगापुढे जावा, अशी आमची सूचना आहे.

आणि शेतातही हात चालवता येतो. दिवसा वीज असेल तेव्हाच पाळी उरका. संध्याकाळी सहा ते दहा मोटार बंद ठेवा. मोटारीला कपॅसिटर बसवा, ऑटो स्विच काढून टाका, म्हणजे वीज येताच सगळ्या मोटारी एकदम उठून डीपी जळणार नाही. युरिया एकदम फेकू नका. हप्त्याहप्त्याने, आणि जमेल तेथे ठिबकातून द्या. पाच पोत्यांतले एक वाचले तरी सव्वाशे युनिटांचा वायू वाचला, आणि जमिनीचेही भले झाले. असे एक-एक पोते साऱ्या सभासदांचे मिळून मोजले, तर आपला कारखाना वीज न करताही वीज निर्माण करतो असे म्हणायला हरकत नाही.

घाईच्या वेळी धावून येणाऱ्या गड्याचा मान ठेवावा, त्याला भाकरी वेळेवर द्यावी. पण त्याच्या नावावर सातबारा करू नये, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी